खारूला जन्मापासून ओळखणारा साक्षीदार

चि. खारूताईस तुझ्या एकुलत्या एका मामाचे पोटभर आशीर्वाद.

तू मजेत असशीलच. लग्न ठरलेल्यांना म्हणे सर्दीसुद्धा होत नाही. माझे गुडघे मात्र तुझ्या लग्नापायी कामातून गेले. तुझी आई बरी आहे. तू तिकडे परदेशात परस्पर लग्न ठरवलंस म्हणून तुझे बाबा तुझं नाव निघालं की अजूनही उठून गॅलरीत जातात आणि कुंड्यांना पाणी घालतात. (कुंड्या कुजायला लागल्यात.) तेव्हा मी केलेला हा उद्योग त्यांच्या कानावर घालू नकोस.

तू फोनवर म्हणालीस की मुलीचं आधी लग्न झालेलं नाही असं घरच्या वडीलधाऱ्याने नोटरीपुढे शपथेवर लिहून दिलं नाही, तर तिकडची कचेरी लग्नच नोंदवत नाही. बाबांना विचारायची सोय नव्हती, म्हणून वडीलधारा मी. म्हटलं, त्यात काय, चुटकीसरशी करतो. पहिल्या नोटरीची पाटी सापडली, पण पाटीखाली एकजण चष्मे विकत होता. नोटरी कुठे गेले हे सांगायच्या आधी त्याने मला एक चष्मा विकला. (हे पत्र त्यातूनच लिहितोय. ओळी चढावर गेल्या तर मला बोल लावू नकोस.) दुसरे नोटरी जिन्याखाली टेबल टाकून बसलेले, अगदी देवमाणूस. तुझी सगळी कहाणी ऐकली, मधूनमधून हळहळले, आणि शेवटी म्हणाले की त्यांच्या परवान्याची मुदत संपली आहे. आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, बऱ्याच दिवसांत कुणी बोलायलाच आलं नव्हतं. अशा माणसावर चिडायचं तरी कसं, तूच सांग.

तिसऱ्या नोटरी बाई, त्याही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बाई कडक. नुसत्या मामाच्या शपथेवर भागणार नाही, मुलीला ओळखणारा आणखी एक साक्षीदार आणा म्हणाल्या. मी उतरलो, तुमचा इस्त्रीवाला गाठला आणि त्याला घेऊन पुन्हा चढलो. बाईंनी विचारलं, मुलीचं लग्न झालेलं नाही हे कशावरून? तो म्हणाला, झालं असतं तर कपडे माझ्याकडेच आले असते. मला पुरावा बिनतोड वाटला. बाईंना वाटला नाही. त्यांना जन्मापासून ओळखणारा हवा होता.

असो. शेवटी एक भला गृहस्थ मिळाला, त्याने सही केली, शिक्का बसला. कागद सोबत आहे. तो कोण हे विचारू नकोस, मी शब्द दिलाय.

तुझा,
गुडघे गमावलेला मामा

ता.क. कसला शब्द नि कसलं काय, माझ्या पोटात काही राहत नाही. ते तुझे बाबा होते. आईने त्यांना सगळं सांगितलं होतं आणि ते माझ्या मागोमाग येऊन जिन्यात उभे होते. बाईंनी मला तुझा जन्म कधीचा विचारलं, मी म्हटलं सकाळचा. तर दारातून आवाज आला, "सकाळचा नाही. संध्याकाळचा. दिवे गेले होते, कंदील मी धरला होता." मग बाईंनी त्यांना विचारलं, लग्न झालंय का? दाजींनी कागदावरचं तुझं नाव बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, "कसं होईल? आम्ही अजून पोचलो कुठे?"

बाईंनी स्वतः उठून त्यांना पाणी दिलं.

ता.क. २. तेव्हा खारूताई, तारीख जरा पुढे ढकल, आणि बोलावणं त्यांना स्वतः फोन करून दे. फोन वाजला की ते गॅलरीत जातील. जाऊ दे. हल्ली फोन बरोबर घेऊन जातात.