पायजम्यासकट डोंगर

मी, खाली सही करणारी, धंदा फोटोग्राफी, वय सत्तरीच्या पलीकडे, राहणार स्वतःच्याच स्टुडिओच्या डोक्यावर, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने, भिडेने वा आग्रहाने नव्हे, तर स्वतःच्या हौसेने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "मन ठिकाणावर आहे हे कसं तपासणार?" असे मी विचारले तर म्हणाले, "बाई, आल्यापासून तुम्ही माझ्या भिंतीवरचा फोटो वाकडा म्हणून मला झापताय. आणखी काय तपासू?" वकीलसाहेबांचा मसुदा मला पसंत पडला नाही; तो वाचताना मी आधीच गेल्यासारखी वाटत होते. त्यातले कायद्याचे शब्द तेवढे ठेवून बाकीचे मी लिहिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे.

कलम १. स्टुडिओवरच्या दोन खोल्या व गच्ची माझ्या पश्चात माझ्या पतींनी हयातभर वहिवाटावी. त्यांच्यानंतर थोरला मुलगा व धाकटी मुलगी यांना समसमान. गच्चीच्या फरशीवर माझ्या तिपाईच्या पायांनी खळगे पडले आहेत, ते बुजवू नयेत. फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीतले बंद घड्याळही मी पतींनाच देते. आमचे हे घड्याळजी. लग्नानंतर लवकरच ते घड्याळ बंद पडले आणि हे म्हणाले, "उद्या बघतो." गावभरची घड्याळे या माणसाने चालू केली, बायकोचे तेवढे अजून उद्यावर आहे. आता तरी बघावे.

कलम २. बँकेतली शिल्लक, आजारपणाचा आणि मला पोहोचवण्याचा खर्च जाऊन उरेल ती, दोन्ही मुलांना सारखी. यावर कोणी चकार शब्द काढू नये.

कलम ३. चौकातल्या फ्रेमवाल्यांनी जन्मभर माझे फोटो फ्रेमीत बसत नाहीत म्हणून खालून बोटभर कापले. माणसांचे पाय गेले, रस्त्यांवरची डबकी गेली, एकदा तर एक अख्खे मांजर गेले. विचारले की म्हणत, "वरचं आभाळ तर पूर्ण ठेवलंय ना?" त्यांना मी त्यांचाच, दुकानाच्या पायरीवर उभा असलेला फोटो देते. तो खालून बोटभर कापून द्यावा.

कलम ४. जुना कॅमेरा माझ्या नातीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला. सोबत एक सूचना. डोंगर काढायचा तर डोंगराकडेच बघत बसू नये. तो कुठे पळून जात नाही. पण त्याच्यासमोर दोरीवर वाळत घातलेला पायजमा संध्याकाळी कोणीतरी काढून नेते, खांबावरचा कावळा उडतो, पाव विकणारी सायकल वळणावर जाते. आधी ते पकडावे. तरुणपणी मीही गच्चीवरून मोकळा डोंगर मिळावा म्हणून मान मोडेस्तोवर ताटकळत असे. मग एकदा कंटाळून समोरच्या शिंप्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यासकट फोटो घेतला. मागे धुके, पुढे वाऱ्याने टम्म फुगलेला पायजमा. कागदावर तो उमटला तेव्हा मी एकटीच खदखदून हसले. इतके दिवस मी कोणाच्या तरी डोंगराचे फोटो काढत होते, हा आमचा डोंगर होता.

कलम ५. आता दुखण्यावर बोट ठेवते. माझी दोन्ही मुले एकमेकांशी बोलत नाहीत आणि त्याला हाच पायजमा कारण आहे. थोरला खाली स्टुडिओ चालवतो. एका कॅलेंडरवाल्याला हा फोटो हवा होता, तर याने कॉम्प्युटरवर पायजमा, दोरी आणि विजेचा खांब पुसून दिला. धाकटी परगावी शाळेत गणित शिकवते. तिने कॅलेंडर पाहिले आणि फोनवर कडाडली, "आईच्या फोटोतला पायजमा कुठे गेला?"

"पायजमा हवा असेल तर कपड्याच्या दुकानात जा," थोरला म्हणाला.

झाले. तेव्हापासून "त्याला सांग" आणि "तिला विचार". मधे मी, टपाल पोहोचवायला. शिंपीसुद्धा ओशाळून गेले. "माझ्या पायजम्यावरून एवढं महाभारत?" म्हणाले आणि तो पायजमा त्यांनी त्यानंतर घातला नाही. माझे मत कोणीच विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते की पायजमा हवाच. आणि हेही सांगितले असते की आईचा फोटो घरोघरी लागावा या मायेपोटीच थोरल्याने तो उद्योग केला. मला सगळे मिळाले. आवडीचे काम मिळाले, भांडायला बरा नवरा मिळाला, डोळे अजून टिकून आहेत. एवढी एकच गोष्ट जिवाला लागून आहे.

म्हणून वाटणी येणेप्रमाणे. अंधारी खोली, फोटो मोठे करायचे यंत्र, ट्रे आणि लाल दिवा थोरल्याला. सर्व निगेटिव्ह धाकटीला. एकाचे दुसऱ्यावाचून काही चालू नये, हाच हेतू आहे.

कलम ६. पायजम्याचा फोटो दोघांनी मिळून, जुन्या पद्धतीने छापावा. तो होईपर्यंत कलम २ मधील पैशाला कोणी हात लावू नये. जुनी पद्धत अशी. घड्याळ बंद, म्हणून आमच्याकडे कागदावर उजेड किती वेळ पाडायचा हे पाढ्यांवर ठरे. निगेटिव्ह पातळ असेल तर नऊचा, दाट असेल तर सतराचा. मुले लहानपणी पाढे म्हणायला आत येत. धाकटीची जीभ आगगाडीसारखी, त्यामुळे तिच्या पाढ्यावर छापलेली माणसे पांढरीफटक निघत. थोरला सतरा साते आले की हमखास अडे. त्याच्या पाढ्यावर एक गोरीपान नवरी कोळशासारखी निघाली आणि मला तिच्या आईची बोलणी खावी लागली. शेवटी दोघांना एकत्र म्हणायला लावले. तो अडे, ती सांगे, आणि फोटो नेमका उतरे.

पुरवणी. वरील मजकूर पुरा करून मी साक्षीदारांना आज, रविवारी, बोलावले होते. परंतु पतींनी मसुदा माझ्या टेबलावरून लंपास करून दोन्ही मुलांना फोनवर मोठ्याने वाचून दाखवला. सकाळी साक्षीदारांच्या आधी धाकटीच पिशवी घेऊन दारात हजर. थोरला काउंटरमागे मान खाली घालून उभा.

"बाबा, निगेटिव्ह कुठल्या डब्यात आहे विचारा त्याला," ती म्हणाली.

"वरच्या फळीवर, डावीकडे. तिला सांगा," तो म्हणाला.

"अरे, मी इथे उभा आहे! माझ्या पायजम्याची तरी लाज बाळगा!" साक्षीला आलेले शिंपी ओरडले.

धाकटीला हसू फुटले. मग थोरल्यालाही आवरेना. त्याने किल्ली उचलली, "चल, नाहीतर आई आपल्याला कोर्टात उभं करेल," म्हणाला, आणि दोघे आत गेली. दाराच्या फटीतून लाल उजेड दिसतो आहे. मी हे बाहेरच्या बाकावर बसून लिहीत आहे. मला रडू येत आहे, ते मी लपवत नाही.

हे शेजारी येऊन बसले आहेत. "ते घड्याळ मला नको," म्हणतात. "दुरुस्त तेव्हाच केलं असतं गं. पण मग या बाकावर बसून पाढे कुठून ऐकले असते?" इतकी वर्षे हा माणूस हे मला बोलला नाही.

आतून आवाज येतो आहे.

"सतरा सक एकशे दोन… सतरा साते… सतरा साते…"

"एकशे एकोणीस, बावळटा!"

सबब कलम ६ मी रद्द करते. त्याची अंमलबजावणी माझ्या हयातीतच झाली आहे. बाकीच्या कलमांची मला घाई नाही.

सही: फोटोवाल्या बाई

साक्षीदार १: समोरचे शिंपी (बाईंनी माझ्यासमोर सही केली. पायजमा माझाच.)

साक्षीदार २: शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या बाई (हेच म्हणते, पायजमा सोडून.)

स्थळ: अंधाऱ्या खोलीच्या बंद दाराबाहेरचा बाक

तारीख: आजची. कागद वाळला की फोटोच्या मागे लिहू.