काळी दोनचा हट्ट

प्रिय मुंजाजी,

काल तुझ्या तेरवीला चारठाण्याला येऊन गेलो. आज जिंतुरात दुकानात बसलोय. लाईट गेली आहे, पाच एचपीची मोटर अर्धी गुंडाळून पडली आहे, हात रिकामे आहेत. पण तेवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. काल तुझ्या बायकोनं, गयावहिनींनी, मला एक प्रश्न विचारला आणि मी मान हलवून खोटं उत्तर दिलं. खरं उत्तर तिला द्यायच्या आधी तुला द्यायला हवं. ते मुळात तुझं आहे.

मी पाल्हाळ लावणार नाही. पण क्रम चुकवणार नाही.

तू पहिल्यांदा आलास त्या दिवशी नामांतरावरून बंद होता. एस.टी. एकही सुटली नव्हती. चारठाण्याहून चालत आलास, गुडघ्यापर्यंत धूळ. आपल्या ऑर्केस्ट्राला गायक हवा म्हणून मास्तरांनी बाजारात चारजणांना सांगून ठेवलं होतं. दिवसा शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी आपल्यात पेटी धरायची, हा मास्तरांचा नेम. त्यांनी विचारलं, “कुठं गातोस?”

“मेंढरामागं गातो जी. माणसाम्होरं अजून न्हाई.”

“मेंढरं काय म्हणतात?”

“थांबून ऐकतेत. मग चरतेत.”

मास्तर हसले. मी हसलो नाही. त्यांनी तुला गायला लावलं तेव्हा मी आवाज मोजत होतो. रुंद होता. खाली भरलेला, वर जरा पातळ. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मुंजाजी. कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

तुला माहीत आहे, मी कुणाकडून काही शिकलो नाही. मोटर गुंडाळायला नाही आणि बेस गिटार वाजवायलाही नाही. गिटार हैदराबादहून जुनी आणली. आल्या आल्या तिची सगळ्यात जाड तार तुटली, आणि तशी तार अख्ख्या जिल्ह्यात मिळेना. मग सायकलच्या ब्रेकच्या तारेवर बावीस नंबरची तांब्याची तार गुंडाळली. मोजून बाराशे दहा वेढे. ती तार सहा वर्षं टिकली! बेसला मुळात चारच तारा, पण लोकांना ती दोन तारा तुटलेली गिटार वाटायची. पिंगळीत, वसमतला, सेलूत, जिथं जाऊ तिथं कुणीतरी यायचंच, “भाऊ, बाकीच्या दोन कधी बसवता?”

तिचा आवाज कुणाला वेगळा ऐकू यायचा नाही. तुला यायचा. एकदा रिकाम्या टेम्पोत तू म्हणालास, “मिस्तरी, कळपाम्होरचा माणूस हाळी देतो, पण मेंढरं चालतेत मागच्याच्या काठीवर. तुमी मागचे.” एवढं नेमकं माझ्या वाजवण्याबद्दल कुणी बोललेलं नाही. मी तुला काय उत्तर दिलं? “ताल सांभाळ, बाकी मी बघतो.” असा माणूस मी!

आता मुद्द्यावर येतो.

सिनेमातली गाणी जशीच्या तशी वाजवायची, हे आपलं काम. आणि ती बसवायची पद्धत माझी. दुकानातल्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, मी एकेक ओळ मागं-पुढं करून बेस काढायचा, गाण्याची पट्टी ठरवायची आणि खडूनं भिंतीवरच्या पाटीवर लिहायची. गाण्याचे पहिले दोन शब्द आणि पुढं पट्टी: काळी एक, पांढरी चार, काळी दोन. पाटीवर आलं की ते पक्कं. मास्तरसुद्धा पाटी बघून पेटीवर बोट ठेवायचे.

तो टेपरेकॉर्डर मीच दुरुस्त केलेला. त्याची मोटर जळली होती, मी दुसरी बसवली. अशा मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, त्यात स्क्रू. घड्याळजीच्या पेचकसानं फिरवला की टेप हळू किंवा जोरात चालते. वेग कशावरून लावायचा? माझ्याकडं मोजायला काही नव्हतं. कान होता. गाणं दबल्यासारखं वाटलं म्हणून अर्धा फेरा दिला. मग छान, टवटवीत वाटलं. मी झाकण लावून टाकलं.

तुझ्या आवाजाच्या गोष्टीत एवढंच घडलं आहे, मुंजाजी. अर्धा फेरा.

टेप जोरात चालली की ताल वाढतो आणि पट्टीही चढते. काळी एकमधलं गाणं काळी दोनमध्ये ऐकू यायला लागलं, म्हणजे पूर्ण एक स्वर वर. सगळीच गाणी. मी पाटीवर लिहीत गेलो आणि तू गात गेलास. लोक म्हणायचे, “तुमचा ऑर्केस्ट्रा लय तडफदार बुवा!” मी मान डोलवायचो. आपण तडफदार नव्हतो, आपली टेप पळत होती.

मास्तरांना शंका आली होती. “रामकिशन, हेच गाणं रेडिओवर मला थोडं खाली वाटतं रे.”

“मास्तर, तुमच्या रेडिओची बॅटरी उतरली असेल.”

बॅटरी उतरली की रेडिओचा आवाज लहान होतो, पट्टी बदलत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी बोललो, आणि मास्तरांनी ते मानलं, कारण मशीनच्या गोष्टीत माझा शब्द शेवटचा असायचा.

आणि तू? तू किती वेळा म्हणालास, ते मी मोजलं नाही. पहिली वेळ आठवते. सरावात अंतरा संपला, तू पाणी प्यालास आणि म्हणालास, “मिस्तरी, एक पट्टी खाली घ्या की. वर जाताना नरडं तुटायलंय.”

“मूळ गाणं काळी दोनमध्ये आहे. आपण जसंच्या तसं करतो. खाली गायचं असेल तर भजनी मंडळात जा.”

“गेलो असतो जी. पण तिथं तंबाखू खाऊ देत न्हाईत.”

सगळे हसले. तूही हसलास, चंची काढलीस, चिमूट चोळलीस आणि पुन्हा काळी दोनमध्ये उभा राहिलास. का उभा राहिलास रे? एकदा तरी पाय आपटून भांडायचं होतंस. “आधी तुमी गाऊन दाखवा” एवढं म्हटलं असतंस तरी माझी पंचाईत झाली असती. मी तर सरळ बोलतानाही घोगरा आहे!

पिंगळीचं लग्न तुझ्यापेक्षा मला जास्त आठवत असेल. दुपारची वेळ, मांडव भरलेला, वऱ्हाड जेवून सुस्तावलेलं. तिसरं गाणं. दुसऱ्या अंतऱ्यात तू वर गेलास आणि आवाज मधोमध फाटला. पुढं नुसती हवा. पहिल्या रांगेतला एक फेटेवाला ओरडला, “आरं, भर दुपारी कोंबडं आरवलं की!” मांडव फुटेस्तोवर हसला. तू माईक धरून तसाच उभा. मी वाजवत राहिलो, गाणं संपेपर्यंत, एक ठोका चुकलो नाही. त्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. आज वाटत नाही.

मांडवामागं मी तुला सगळ्यांदेखत म्हणालो, “आधी ती चंची फेक, मग पट्टी खाली घ्यायला सांग.”

तू चंची फेकली नाहीस. माईकची वायर गुंडाळलीस, नेहमीसारखी, पीळ न पाडता, आणि टेम्पोच्या मागच्या फळीवर जाऊन बसलास. त्यानंतर ऑर्केस्ट्रात आला नाहीस. गावात माझंच वाक्य पसरलं: मुंजाजीचा गळा तंबाखूनं गेला. सोपं होतं, सगळ्यांना पटलं. नंतर ऐकलं की गयावहिनींनी चंची चुलीत घातली, तू वर्षभर तंबाखू सोडलीस, तरी गळा परत आला नाही. मेंढरामागंही गात नाहीस म्हणे. हे ऐकून मी म्हटलं होतं, “उशीर झाला सोडायला.” किती सहज!

तू ऑर्केस्ट्रा सोडल्यावर दोन वर्षांनी एका गिऱ्हाईकाचा नवाकोरा टेपरेकॉर्डर दुकानात आला. त्याची बटणं अडकत होती. तपासायला, आपण जिच्यावरून गाणी बसवली तीच कॅसेट लावली. गिटार जवळ होती, सहज वाजवायला गेलो तर सूर लागेना. गाणं काळी एकमध्ये! मी म्हटलं, नवं मशीन बिघडलेलं आहे. मग साठ मिनिटांची कॅसेट घेतली आणि मनगटावरचं घड्याळ लावलं. नव्या मशीनवर बाजू तीस मिनिटांत संपली. माझ्या मशीनवर सव्वीस मिनिटं चाळीस सेकंदांत. तीन वेळा मोजलं. तीन वेळा तेच.

मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, पेचकस घेतला आणि अर्धा फेरा उलटा दिला. मग पाटी पुसली. सगळी गाणी एक स्वर खाली लिहिली. तोपर्यंत आपल्याकडं नवा गायक आला होता. मास्तर पाटीकडं बघत राहिले. “सगळंच उतरवलंस?”

“नव्या माणसाला वर झेपत नाही,” मी म्हणालो.

हे खोटं मी मास्तरांना का सांगितलं असेल? मशीनचा माणूस मशीनला फसला, हे तोंडातून निघेना. दुसरं कारण नाही. चार वर्षं झाली याला.

त्यातल्या पहिल्याच गणपतीत तू आलास. जिंतूरच्या बाजारातला कार्यक्रम, दिवेलागणीची वेळ. तू जनरेटरपाशी घोंगडी खांद्यावर टाकून उभा होतास. दोन गाणी ऐकलीस. मध्ये आम्ही चहाला थांबलो तेव्हा माझ्याजवळ आलास.

“मिस्तरी, आता काळी एकमधी घेतलं व्हय?”

दोन वर्षं गाणं नाही, पेटी नाही, आणि तुझा कान तसाच! मी चहाचा कप खाली ठेवला. सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. आपल्या दोघांशिवाय जवळ कुणी नव्हतं.

“त्याचा आवाज खालचा आहे,” मी म्हणालो.

तू मंचाकडं बघितलंस. “बरं केलंत. सोपं जायलंय त्याला.” आणि मग, “येतो जी. शेवटची गाडी हाय.”

तुला कळलं होतं का, मुंजाजी? तू टोमणा मारायला आला नव्हतास, एवढं मला नक्की माहीत आहे. पण ‘त्याच्यासाठी पट्टी उतरवली, माझ्यासाठी नाही’ एवढंच मनात घेऊन तू गाडीत बसलास ना? मशीन चुकलं होतं हे कळलं असतं तर निदान राग मशीनवर गेला असता. मी तुला तेवढंही दिलं नाही.

आणि आता कावीळ झाली, आठ दिवसांत तू संपलास. मी भेटायला निघालो होतो असं लिहिणार नाही. निघालो नव्हतो.

आणि कालचं. जेवणं उरकली होती. मास्तर लोकांना तुझ्या आवाजाबद्दल सांगत होते, कुणीतरी नेहमीचं वाक्य टाकलं, “तंबाखूनं घात केला बघा.” मी उठून पत्रावळ्या गोळा करायला लागलो. निघताना गयावहिनी दारापर्यंत आल्या.

“मिस्तरीभाऊ, एक इचारू का?”

“विचारा की.”

“मी त्यांला लय बोलले ओ. तंबाखूपायी सोन्यासारखा गळा घालवला म्हणून रोज बोलले. वरीसभर सोडली तरी बोलले. शेवटाला आजारी पडले तरी एकडाव बोलले. खरंच तंबाखूनंच गेला ना ओ? तुमी शेजारी उभे ऱ्हायचे. तुमाला ठाऊक असंल.”

मी मान हलवली. हो म्हणून. त्या म्हणाल्या, “मग बरं. म्या उगं बोलले न्हाई.” पण तोंड बरं वाटल्यासारखं नव्हतं. त्यांना दुसरं उत्तर हवं होतं का? की हेच? मला माणसांचं एवढं कळत नाही. मशीनचं कळतं असं वाटायचं, त्याचंही काय झालं ते वर लिहिलंच आहे.

लाईट आली आहे. तरी पत्र पुरं करतो.

सोमवारी दुकान बंद ठेवतो. सकाळच्या गाडीनं मास्तरांना बरोबर घेऊन चारठाण्याला येतो, म्हणजे मला वाटेत परत फिरता येणार नाही. गयावहिनींना ओसरीवर बसवून सांगीन की टेप माझी पळत होती, पट्टी माझी चुकली होती, तुम्ही ज्याच्यावरून बोलत राहिलात ते कारण मी दिलेलं होतं. “मला माहीत नव्हतं” असं म्हणणार नाही, कारण चार वर्षं माहीत होतं. त्या मला काय बोलतील ते उभा राहून ऐकीन.

आणखी एक. माझी सवय तुला ठाऊक आहे, प्रत्येक गोष्टीत मला नेमकं सांगायचं असतं. सोमवारी तोंडाशी एक वाक्य येईल: “थोडा वाटा तंबाखूचाही असेल.” ते चूक नसेलही. ते मी बोलणार नाही, मुंजाजी. हा माझा शब्द.

तुझा,
रामकिशन मिस्तरी
जिंतूर