तोरणातली पानं

१९ जाने.
वडनेर भोलजीला जाऊन आलो. रशीदभाईची रोपवाटिका. त्याच्याकडचं एक झाड आपल्या बांधावरच्या आंब्याचं कलम आहे म्हणतो. आपला आंबा रस्त्याच्या रुंदीकरणात तोडला, बायको सुमन गेली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात. लोणचं घालायची ते त्याच कैऱ्यांचं.
"पक्कं तेच?" विचारलं.
"शेठ, झाडालेबी साक्षीले उभं करता काय आता?"
हसलो दोघंही. पण 'तेच' म्हणताना त्याचा आवाज जरा खाली गेला. सौदे ऐकण्यात हयात गेली माझी.
तेच असेल तर कलम आणून अंगणात लावायचं. भलतंच झाड तिच्या नावानं वाढवणं जमणार नाही.

२१ जाने.
मयुरी, बहिणीची पोर, अकोल्याला लॅबमध्ये आहे. "मामा, दोन्ही झाडांचा डीएनए ताडून पाहता येते. जुन्याचं काही हाये का?"
काय असणार! खोडसुद्धा जळणाला गेलं. मग सुचलं, दारावरचं तोरण. शेवटच्या दसऱ्याला त्याच आंब्याची पानं घेऊन तिनंच ओवलेलं. कोणाला उतरवू दिलं नाही.
थोडी पानं काढली. हातातच चुरा. तोच पुडीत बांधून अकोल्याला धाडला.

३१ जाने.
मयुरीचा फोन. मशीननं भरपूर डीएनए दाखवला! आज दोन घास जास्त गेले.

१ फेब्रु.
परत फोन. दुसऱ्या मशीनवर जवळपास काहीच नाही.
"असं काऊन बाई?"
"पहिलं उजेड किती शोषला ते पाह्यते. त्यात डीएनएचा भुगा, पानाचा चीक, सारंच मोजल्या जाते. दुसऱ्यात रंग टाकतो. तो धड उरलेल्या डीएनएलेच धरून चमकते."
म्हणजे पहिलं बाजारातली गर्दी मोजतं, दुसरं गिऱ्हाईक. धंद्यात मी कायम दुसऱ्यावर चाललो. काल मात्र...

५ फेब्रु.
रशीदभाई फोनवर: "मोहोर आला शेठ. कैरी लागू द्या, चाखून सांगा."
चाखून सांगणारी ती. मी नुसता खाणारा.

८ फेब्रु.
मयुरीला उरलेली सगळी पानं पाहिजेत, आजच अकोल्याला घेऊन या म्हणते. "तरी पुरतील असं नाही सांगत, मामा."
नाही पुरली तर झाडाचं कळणार नाही, अन् तोरणही—
सुनेनं स्टूल आणून ठेवलं, आत गेली. चढलो. देठ दुमडून ओवायची तिची पद्धत. ओढून निघत नाहीत, एकेक सोडवावं लागतं.
तेवढ्यात फोन. "निघाले का मामा?"
"हाव, निघून राह्यलो." स्टुलावरूनच बोललो.
त्यानंतर अकोल्याच्या दोन गाड्या गेल्या.