डिसेंबरचा आकडा

उदगीर, १२ मे २०१६

प्रिय सिद्धराम,

अक्षर ओळखून फाडू नकोस. तुझी आठवण येते म्हणून लिहीत नाही.

इथे टँकर आठव्या दिवशी येतो. माझ्या आप्पांच्या गॅरेजमध्ये हात धुवायला पाणी नाही, डिझेलनंच पुसतो. तुमच्या लातूरला म्हणे रेल्वेनं पाणी येतंय. 'उदगीर जिल्हा झाला की परत येतो, इथंच लग्न करू,' असं म्हणून तू गेलास त्याला सव्वा वर्ष झालं. जानेवारीत जिल्ह्याची आवई पुन्हा उठली आणि विरली. तू काही आला नाहीस.

अमृतरावांची पांढरी टर्बो गाडी आठवते? शर्यतीसाठी तिची ताकद दीडपट करायची होती. आप्पा म्हणाले, "आधी गाडी थंड ठिव, मंग ताकद माग." त्यावरूनच मी वहीत बेत आखला. टर्बोची गरम हवा निवायला मोठा इंटरकूलर, मग सायलेन्सरचा रुंद पाइप, मग दणकट क्लच, आणि सगळ्यात शेवटी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, इंजिनात किती डिझेल सोडायचं त्याचा नवा आकडा. डिसेंबरभर पहाटेच्या थंडीत मुखेडच्या रस्त्यावर तू गाडी पळवायचास आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे टिपायची. जाताना ती वही तू उचललीस.

त्याच महिन्यात लातूरच्या शर्यतीत गाडी पहिली आली. माईकवर तू बोललास, "प्लॅन सगळा माझा. शिवकांता? ती नट-बोल्टचे पाने द्यायची हातात." लोक हसले. आप्पा तिसऱ्या रांगेत होते. परतीच्या एसटीत त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "पोरी, तू काई बोलू नको. इंजिन बोलंल." दिवाळीत ते गेले. शरणप्पांची पोरगी नुसते पाने देते, हे गावानं त्यांच्या तोंडावर म्हटलेलं ऐकून गेले.

मी खरंच बोलले नाही. वहीतला आकडा थंडीचा होता. तू गेल्यावर एप्रिलमध्ये मी तीच गाडी पुन्हा पळवली आणि पाहिलं, चव्वेचाळीस अंशांत त्या आकड्यावर पिस्टन वितळेल. उन्हाळ्यात डिझेल पाचव्या हिश्शानं कमी करावं लागतं. अमृतरावांच्या गाडीत मी ते केलं. तुला कळवलं नाही. तू लातुरात एकेक गाडी त्याच आकड्यावर बांधत होतास, आणि मी मेची वाट बघत होते.

गेल्या उन्हाळ्यात एक इंजिन गेलं. तू गिऱ्हाइकाच्या ऑईलला नावं ठेवलीस. या एप्रिलमध्ये दुसरं गेलं. बातमी आली त्या दिवशी मी पुरण घातलं आणि एकटीनं बसून पोटभर जेवले. खोटं कशाला सांगू, इतकं गोड जेवण वर्षात झालं नव्हतं.

गेल्या सोमवारी तिसरं गेलं. तू मात्र गाडीपाशी नव्हतास. बॉनेट उघडून केरबामामा उभे होते. आप्पांच्या हाताखाली वीस वर्षं काढलेले, तुझ्या शब्दावर लातूरला गेलेले. उकळतं ऑईल त्यांच्या उजव्या हातावर उडालं. मी काल दवाखान्यात जाऊन आले. कोपरापर्यंत पट्ट्या. मला बघून उठायला लागले आणि म्हणाले, "शिवाक्का, आकडा म्याच चुकीचा भरला वाटतं. सिद्धराम तसंच म्हणून राहिलाय. म्हातारपणी हात चुकला बघ." मी त्यांना सगळं सांगितलं. आकडा माझा, आणि तो चुकीचा आहे हे मला ठाऊक होतं, हेही. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी निघेपर्यंत वळवलं नाही.

म्हणून हे पत्र. सोबतच्या कागदावर उन्हाळ्याचा आकडा आहे. डिसेंबरच्या आकड्यावरच्या अजून तीन गाड्या रस्त्यावर आहेत, त्या आज थांबव. माफी मी केरबामामांची मागितली. मिळाली नाही, मिळायलाही नको. तुझी मागणार नाही. याच पत्राच्या नकला मी तिन्ही मालकांना पाठवल्यात, माझ्या गुन्ह्यासकट. शनिवारी सगळे तुझ्या गॅरेजवर जमतील. मीही येते आहे. केरबामामांचा हात चुकला नव्हता, हे तू सगळ्यांसमोर म्हणायचंस, माईकवर बोलला होतास तेवढ्याच मोठ्यानं. तुझ्या तोंडून ते ऐकल्याशिवाय मी लातूर सोडणार नाही.

एके काळची तुझीच,
शिवकांता