चार शेर पाणी

मी रामाजी वल्द दादाजी कुथे, वय अंदाजे साठ, धंदा मीठविक्री, राहणार आरमोरी, जिल्हा चांदा, आज आपल्या ओसरीवर भिंतीला पाठ टेकून, जाग्या डोक्याने आणि कोणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र सांगत आहे. लिहून घेणारे गुणवंतराव भोयर. माझ्या पायांवर सूज आहे, बोट दाबले की खळगा राहतो. डोके मात्र ठिकाणावर आहे. त्याची खात्री गुणवंतरावांनी मला दोन वजाबाक्या घालून करून घेतली.

कलम पहिले. राहते घर आणि मागची वाडी माझा मुलगा नानाजी यास, पण एका अटीवर. अट सहाव्या कलमात आहे. पत्नी मनकर्णा हयात असेपर्यंत घरात तिचा शब्द चालेल. तो आताही चालतो, पण कागदावर असलेला बरा.

कलम दुसरे. लादणीचे दोन्ही बैल सुकलू यास. सुकलू जंगलातल्या गावचा. तीस वर्षे तो आणि मी बैलांवर मीठ लादून आत जात होतो आणि मोहफुले, चारोळी घेऊन परतत होतो. पावसाळ्याआधी मीठ पोचले नाही तर गावेच्या गावे अळणी खायची. गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझेच मीठ तोडले, तेव्हा हा पोट धरून हसला. "काऊन भाऊ, जनमभर लोकायले मीठ चारलं, अन् आता सोता अळणी पेज पिऊन राह्यला?" बैल त्या हसण्यासकट त्याचे.

कलम तिसरे. बिरजू वैदूला काही नाही. सांधे दुखतात म्हणून त्याची काळी पुडी मी दोन वर्षे चाटली. डॉक्टर म्हणाले, तिच्यात शिसे असेल तर तिनेही माझे गुरदे, म्हणजे मूत्रपिंडे, खाल्ले असतील. पण खरा दोष वाढलेल्या रक्तदाबाचा. तो कधी दुखला नाही, म्हणून मी कधी दाखवला नाही. तेव्हा बिरजूला शिव्याही अर्ध्याच देतो.

कलम चौथे. काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा, जे मी नागपूरहून मागवले, ते सून कमळा हिला. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

गुरदा मी जन्मभर खाल्ला, पाहिला मात्र गेल्या वर्षी. डॉक्टरांनी बोकडाचा गुरदा ताटलीत उभा चिरून दाखवला. वालाच्या दाण्याचा आकार. माणसाला असे दोन, मुठीएवढे, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना. दिवसाकाठी ते रक्तातले चार-साडेचार मण पाणी गाळतात, त्यातले दीड-दोन शेर बाहेर सोडतात आणि उरलेले सगळे अंगाला परत देतात. मिठाचेही तसेच: हवे तेवढे ठेवायचे, जास्तीचे घालवायचे. मी चाळीस वर्षे मीठ तोलले आणि चाळीस वर्षे माझ्या हातून कमीजास्त झाले. त्यांच्या हातून होत नाही, माणूस झोपला तरी होत नाही. एवढी कारागिरी माझ्या पाठीत चालली होती आणि मला पत्ता नव्हता. मी त्या ताटलीला हात जोडले. कसायाचा माल होता, तरी जोडले.

मग डॉक्टरांनी माझी लघवी नळीत घेऊन दिव्यावर तापवली, वर आंबट औषधाचे दोन थेंब टाकले. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढुळली. गुरदे विरले की अंगातले सत्त्व असे गळून जाते म्हणे. माझी नात चंदा, वय सात, सोबत होती. तिची तापवली तर झऱ्याच्या पाण्यासारखी राहिली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. कमळा हे सगळे पाहून शिकली आहे, म्हणून नळी आणि दिवा तिच्याकडे.

कलम पाचवे. मिठाचा मोठा काटा आणि वजने सरकारी दवाखान्यास. सुजलेल्या माणसाला रोज तोलले की पाणी चढते की उतरते ते कळते. हे मला आधी कळायला हवे होते.

माझा थोरला मुलगा देवाजी. नवा तांदूळ खाल्ला की मी पोरांना या काट्यावर बसवत असे. पोरगा किती भरला ते खळ्यावर चारचौघांना ऐकवायची मला हौस. त्या वर्षी देवाजी नऊ वर्षांचा होता. पायांवर खरूज पिकली होती. औषध लावले की खरूज पोटात जाते असे आमच्याकडे मानतात, म्हणून मी मलम लावू दिले नाही. दोन आठवड्यांनी सकाळी त्याचे तोंड भरलेले दिसू लागले. मनकर्णा म्हणाली, "याचे डोळे सुजले हायेत. लघवी बी चहावानी होते. दवाखान्यात नेऊ." मी हसलो. म्हटले, "नवा तांदूळ मानवला त्याले." काट्यावर बसवला, तर पंधरा दिवसांत चार शेर वाढलेला. मी खळ्यावर गूळ वाटला. आठव्या दिवशी तो धाप लागून गेला.

ते चार शेर पाणी होते. खरजेतल्या विषाने गुरदे सुजले, लघवी अडली, पाणी अंगातच राहिले. हे मला बावीस वर्षांनी डॉक्टरांनी सांगितले. मनकर्णाने सांजवेळी पोराला ओढ्यावर नेले, तिथली बाधा लागून गेला, असे लोक तेव्हा म्हणाले. मी ते खोडून काढले नाही. मला ते सोयीचे होते. त्याची मला लाज वाटते.

कलम सहावे, म्हणजे अट. आज चंदाच्या पोटऱ्यांवर खरूज पिकली आहे. मी नानाजीला तीनदा सांगितले आणि तीनदा त्याने उत्तर दिले, "दाबू नोका बाबा, निघू द्या." हे माझेच शब्द आहेत, त्याला मीच शिकवले. मला उंबऱ्याबाहेर जाववत नाही, नाहीतर कागद केला नसता. तर नानाजीने चंदाला दवाखान्यात न्यावे. साबणाने धुऊन मलम लावावे. खरूज वाळली तरी पुढे तीन आठवडे रोज सकाळी तिचे डोळे आणि लघवीचा रंग पाहावा. सूज किंवा चहाचा रंग दिसला की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्वतः नानाजीने दरवर्षी रक्तदाब मोजून घ्यावा. यात कसूर केली तर घर कमळाचे.

इथवर गुणवंतरावांनी मोठ्याने वाचून दाखवले. मनकर्णा दारात सुपात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "गूळ तुमी नाई वाटला. मी वाटला. त्याचे डोळे मले दिसत होते, तरी वाटला. ते बी लिवा." गुणवंतराव म्हणाले, मृत्युपत्रात दुसऱ्याचे बोलणे येत नाही. मी म्हटले, लिहा.

मग तिने सूप खाली ठेवले आणि अंगणातून चंदाला हाक मारली. नानाजी म्हणाला, "आई, उद्या जाजो." ती म्हणाली, "घर तुले राहू दे. मले पोरगी पाह्यजे."

याआधी मी कोणताही कागद केलेला नाही. केलेला निघालाच तर तो रद्द समजावा.

मुक्काम आरमोरी, तारीख ९ डिसेंबर १९५७.

रामाजी दादाजी कुथे, सही.

साक्षीदार:
गुणवंतराव भोयर, लिहून घेणारे, सही.
लालसू, शेजारी, डाव्या हाताचा अंगठा.

पत्नी मनकर्णा हिच्या संमतीचा अंगठा: घेता आला नाही. ती चंदाला घेऊन दवाखान्यात गेली आहे.