अंबूच्या किल्ल्यातला दिवा

महाड

नाथूच्या बापास दंडवत. अंबूच्या शाळेपायी इथं राहिलेल्या आम्ही आजी-नात खुशाल हाव. म्हैस दूध देते ना?

शाळेत मास्तरांनी बॅटरीतला सेल नि तारा जोडून बारका दिवा लावायला शिकवलं. आपल्या अंबूनं तो दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यात बसवला, पण लागेना. मग माझ्या विळीवर तिनं तारेची टोकं खरवडली, पत्र्याची पट्टी बटणासारखी दाबली, नि किल्ला उजळला. मी हरखून हसतच सुटले.

आणि तुम्ही सांगावा धाडता, वीज पोरीला मारील, तिला घरी आणा. त्या सेलानं मुंगीसुद्धा मरत नाय. फुकटची गुराखीण हवी, असं सरळ म्हणा की. न्यायला येऊ नका. अंबू शिकणार, मी तिच्यापाशी राहणार. भाकऱ्या आता तुमच्या तुम्ही थापा.

पाया पडते, पण मागं फिरत नाय.

तुळजाबाई