जुन्या पत्त्यावरची मूळ डिस्क

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा! खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी मोठी, पंखा आवाज न करणारा. घरमालकीण बोलकी. जिना चढेपर्यंत तिने माझी सगळी माहिती काढून घेतली. घरून निघताना चिमणीने माझा पाय असा घट्ट धरला होता की मी निघालो खरा, पण निम्मा तिथेच राहिलो. चार वर्षांची पोर, तिला काय समजावणार? दीड महिन्याने ती आणि बायको इकडे येतील. तोवर रोज जेवणाच्या सुट्टीत घरच्या फोनवर बोलायचं ठरलंय.

कारखाना चष्म्याच्या काचांचा. दुकानांतून येणाऱ्या ऑर्डरी एका व्हर्च्युअल मशीनवर नोंदल्या जातात. म्हणजे अख्खा कॉम्प्युटरच, पण फायलींमध्ये साठवलेला. तो जुन्या इमारतीतून इथल्या सर्व्हरवर हलवायचा, हे माझं पहिलं काम. शिकवायला तात्या आहेत, लवकरच निवृत्त होणारे. माणूस फार कमी बोलतो. अशा लोकांचा मला आधीपासूनच संशय येतो. माझा स्वभावच तसा, बायको म्हणते मी सावलीलाही ओळखपत्र मागेन.

५ तारीख, बुधवार

डिस्कच्या फायली आल्या. पहिल्यांदा सुरू होताना मशीनने नेहमीचा प्रश्न विचारला: मला हलवलं, की माझी प्रत काढली? 'हलवलं' असं उत्तर देऊन मोकळा झालो. मशीन सुरू झालं. पण स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या त्या वेळची जपून ठेवलेली स्थिती, काही केल्या उघडेनात. तक्रार एकच: मूळ डिस्क नंतर कोणीतरी बदलली आहे. कोणी बदलली? मी तर हातही लावला नव्हता. तात्यांना विचारलं तर म्हणाले, तूच शोध.

फोनवर बायको म्हणाली, संध्याकाळी येताना दूध आण. मी हसलो. सवय जायला वेळ लागतो.

७ तारीख, शुक्रवार

तक्रारीचं कारण सापडलं. फायली इकडे आल्या, पण स्नॅपशॉटच्या आत मूळ डिस्कचा पत्ता जुन्या इमारतीचाच लिहिलेला आहे. आणि तिथलं मशीन बंद केलेलंच नाही. कोणीतरी त्यावर रोज नोंदी करतंय. तात्याच असणार. जाता जाता नव्या माणसाला तोंडघशी पाडायचं, दुसरं काय!

बायको आज खुशीत होती. म्हणाली, रात्री नळ दुरुस्त केलास ते बरं झालं, आता गळत नाही. मी इथे, घरापासून अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. मी नुसतं हो म्हणालो. डबा तसाच बंद केला. घरी दुसरा कोणी येतो आणि फोनवर कोण आहे याचा तिचा गोंधळ होतो, असं मनात आलं. लाज वाटते, पण आलं.

८ तारीख, शनिवार

चिमणीला फोनवर बोलावलं. आडवळणाने विचारलं, रात्री गोष्ट कोण सांगतं? बाबा, म्हणाली. कोणते बाबा? ती हसत सुटली.

पोरीलाही शिकवून ठेवलंय. रागाने मी फोन आपटला.

९ तारीख, रविवार

घरचा फोन एका पुरुषाने उचलला. "जरा हळू बोला," म्हणाला, "मुलगी आत्ताच झोपलीय."

आवाज माझा होता. मी फोन ठेवला.

१० तारीख, सोमवार

तात्यांवर उगाच संशय घेतला. जुन्या इमारतीतल्या लोकांना थांबा असं कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ते काम करत राहिले. तात्यांनी मला समोर बसवलं. 'हलवलं' म्हणायचं आणि मूळ चालूच ठेवायचं, ही चूक नवे लोक नेहमी करतात म्हणाले. मग एकाच ओळखीची दोन मशीनं चालतात.

"मूळ रोज पुढे जातं. मग प्रतीचं त्याच्याशी काहीच जुळत नाही. लोक ज्याच्यावर काम करतात ते ठेवायचं, दुसरं पुसायचं."

मी विचारलं, प्रतीला कळतं का, की ती प्रत आहे? तात्या उठून गेले.

११ तारीख, मंगळवार

बायकोने विचारलं, आपण कोण? मी माझं नाव सांगितलं. त्याच्याशी बोलायचंय का, म्हणाली — तो घरीच आहे, देऊ का फोन?

उद्या सकाळची पहिली बस धरतो. मीच खरा. त्या दिवशी मी सामान बांधलं, मी निघालो, मला सगळं आठवतं — पण त्यालाही आठवत असेल —

१२ तारीख, दुपार

जिन्यात बसून लिहितोय. बेल वाजवली. चिमणीने दार उघडलं. मी हात पुढे केले — ती मागे सरकली. चेहरा नीट न्याहाळला. मग आत वळून म्हणाली, "बाबा, कोणीतरी काका आलेत."

आत पळाली. दार अर्धं उघडं आहे. पावलं येतायत. डावा पाय जरा ओढत — मी चालतो तसाच —

त्याचा राग येत नाही. तो तिला नीट झोपवतो. पण पोर माझी आहे — तात्या म्हणाले तसं एकच ठेवायचं, दुसरं पुसायचं असेल तर मी — तो दाराशी आला की त्याला मी